सायकलवीर फाउस्तो कोप्पी

इटली देशाच्या वायव्येस पीमोंत नावाचा प्रांत आहे. त्याच्या उत्तरेस आणि पश्चिमेस आल्प्स पर्वताच्या हिमाच्छादित रांगा उभ्या आहेत. दक्षिणेस आपेनाइन पर्वताचे फाटे पसरलेले आहेत. त्या आपेनाइनच्या पायथ्याशी तोर्तोना नावाचे एक गाव आहे आणि गावाबाहेर पडले की टेकड्यांना प्रारंभ होतो. टेकड्यांच्या उतारांवर द्राक्षांचे मळे आहेत. या द्राक्षांपासून तेथील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या मद्य तयार करीत आले आहेत. या प्रदेशात सपाट रस्ता क्वचितच आढळतो. रस्ता एका टेकडीला वळसा घालून वर चढतो, माथ्यावरील चार घरांना स्पर्श करतो आणि लगेच पलीकडच्या दरीत उतरतो. अशाच एका टेकडीवर कास्तेल्लानिया हे चिमुकले खेडे वसलेले आहे. या खेड्यातील एका शेतकऱ्याच्या घरी १५ सप्टेंबर १९१९ रोजी फाउस्तो कोप्पी याचा जन्म झाला. पुढे सायकलीच्या शर्यतींत त्याने जे पराक्रम केले, त्यांमुळे या खेड्याचे नाव साऱ्या युरोपात पोहोचले.

फाउस्तोचा पिता दोमेनिको हा कष्टाळू शेतकरी होता. परंतु टेकडीवरची शेती ती किती आणि तिचे उत्पन्न ते किती! पाच भावंडांत फाउस्तो चौथा. सेर्से हा सर्वांत धाकटा. फाउस्तोची प्रकृती लहानपणापासून नाजूक होती. पाय लांब व काडीसारखे, खांदे अरुंद, छाती पक्ष्याच्या छातीसारखी पुढे आलेली. त्याची हाडेही ठिसूळ होती. पुढील आयुष्यात ती वारंवार मोडली. हा मुलगा पुढे मोठा मल्ल किंवा खेळाडू होईल, असे त्याच्याकडे पाहून कोणालाही वाटले नसते.

शाळेत त्याचे मन फारसे रमत नसे. घराच्या तळघरात एक जुनी, गंजलेली सायकल पडली होती. तिला ब्रेकसुद्धा नव्हते. आठ वर्षांच्या फाउस्तोने ती बाहेर काढली आणि शाळेची वाट सोडून तो तिच्यावरून टेकड्या धुंडाळू लागला. ही गोष्ट शिक्षकांच्या कानी गेली, तेव्हा सायकल न फिरवता आपण शाळेत असावयास हवे होते, हे वाक्य त्याला शंभर वेळा लिहावे लागले. शिक्षा त्याने निमूटपणे भोगली. परंतु सायकलीचा छंद मात्र सुटला नाही.

तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो नोव्ही लिगुरे या जवळच्या गावी एका मांसविक्रेत्याच्या दुकानात नोकरीस लागला. गिऱ्हाइकांच्या घरी सायकलीवरून माल पोहोचविणे हे त्याचे काम होते. दुकान आणि घर यांमध्ये सुमारे वीस किलोमीटरांचे अंतर होते आणि वाटेत चढउतारांना खळ नव्हता. या ये-जा करण्याने त्याचे पाय बळकट झाले आणि श्वास दीर्घ झाला. चढावर शक्ती जपून कशी वापरावी आणि उतारावर वळण कसे साधावे, हे तो या रस्त्यांवरच शिकला. व्यापारी जहाजावर अधिकारी असलेल्या त्याच्या चुलत्याला पुतण्याची ही आवड ठाऊक होती. त्याने पैशांचे साहाय्य केले आणि फाउस्तोला शर्यतीची स्वतःची सायकल मिळाली. पंधराव्या वर्षी तो पहिल्या शर्यतीत उतरला आणि पहिला आला. बक्षीस म्हणून त्याला वीस लिरा आणि मांसाचे काप घातलेला एक पाव मिळाला!

त्या दुकानात कामाला असतानाच त्याची एका विलक्षण माणसाशी गाठ पडली. बियाजो काव्हान्ना हे त्याचे नाव. तो पूर्वी मुष्टियोद्धा होता. पुढे सायकलपटूंच्या अंगाला मालीश करण्यात आणि त्यांना तयार करण्यात त्याने नाव मिळविले. दुर्दैवाने त्याची दृष्टी गेली. परंतु डोळे गेले, तरी त्याच्या बोटांना जणू दृष्टी आली होती. स्वाराच्या पायांवरून हात फिरविताच कोणता स्नायू थकला आहे आणि कोणत्या स्नायूत अजून बळ शिल्लक आहे, हे तो सांगू शके. कृश फाउस्तोचे अंग त्याने हातांनी चाचपले आणि जे डोळसांना दिसले नव्हते, ते या आंधळ्याला कळले. या मुलाचे हृदय व फुप्फुसे असामान्य आहेत, अशी त्याची खात्री झाली. पहाटे उठणे, मोजके खाणे, वेळेवर झोपणे आणि दररोज मैलोगणती सायकल चालविणे, अशी कडक शिस्त त्याने फाउस्तोला लावली. फाउस्तोनेही ती शिस्त मनोभावे पाळली.

सायकलींच्या मोठ्या शर्यती कशा चालतात, हे येथे थोडक्यात समजून घेतले पाहिजे. इटलीत दर वर्षी ‘जिरो’ नावाची शर्यत होते. ती म्हणजे साऱ्या इटलीची परिक्रमाच होय. फ्रान्समध्येही अशीच ‘टूर’ नावाची परिक्रमा असते. सुमारे तीन आठवडे रोज एक टप्पा असा हा प्रवास चालतो. प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ मोजतात आणि सर्व टप्प्यांचा एकूण वेळ ज्याचा सर्वांत कमी, तो विजयी ठरतो. जो स्वार एकूण वेळेत पुढे असेल, तो जिरोमध्ये गुलाबी आणि टूरमध्ये पिवळा सदरा घालतो. सायकल वेगाने जाऊ लागली की वारा स्वाराला मागे रेटतो. पुढच्या स्वाराच्या आडोशाने जाणाऱ्याचे पुष्कळ श्रम वाचतात. म्हणून प्रत्येक संघात एक नायक असतो आणि बाकीचे त्याचे साहाय्यक असतात. साहाय्यकांनी नायकासाठी वारा अंगावर घ्यावयाचा, पाणी आणून द्यावयाचे आणि त्याचे चाक निकामी झाले तर स्वतःचे चाक काढून द्यावयाचे. विजयाचा हार नायकाच्या गळ्यात पडतो. साहाय्यकांची नावे बहुधा कोणास ठाऊक नसतात.

१९४० साली फाउस्तो असाच एक साहाय्यक म्हणून जिरोमध्ये उतरला. त्याच्या संघाचा नायक होता जीनो बार्ताली. बार्ताली हा फ्लॉरेन्स शहराजवळचा. त्याने तोपर्यंत दोन वेळा जिरो आणि एकदा टूर जिंकली होती, आणि तो सर्व इटलीचा लाडका होता. परंतु शर्यतीच्या प्रारंभीच एक कुत्रा आडवा आला, बार्ताली पडला आणि जखमी झाला. पुढे फ्लॉरेन्सहून मोदेनाकडे जाणाऱ्या टप्प्यात, आपेनाइन पर्वतातील आबेतोने खिंडीच्या चढावर, पाऊस कोसळत असताना हा वीस वर्षांचा साहाय्यक सर्वांना मागे टाकून एकटाच पुढे निघून गेला. गुलाबी सदरा त्याच्या अंगावर आला. नायकावरच साहाय्यक होण्याची पाळी आली; परंतु बार्तालीने मन मोठे केले. पुढे डोंगरांत फाउस्तोचे बळ खचू लागले, तेव्हा त्याने त्याला धीर देऊन पुढे नेले. ९ जून १९४० रोजी मिलान शहरात फाउस्तो विजयी झाला. इतक्या लहान वयात जिरो जिंकणारा तो पहिलाच.

परंतु या विजयाचा आनंद एक दिवसही टिकला नाही. दुसऱ्याच दिवशी, १० जूनला, इटलीने दुसऱ्या महायुद्धात उडी घेतली. फाउस्तोला सैन्यात जावे लागले. प्रारंभी त्याला अधूनमधून शर्यतीत भाग घेता येत असे. ७ नोव्हेंबर १९४२ रोजी मिलानच्या व्हिगोरेल्ली क्रीडांगणावर त्याने एका तासात पावणेशेहेचाळीस किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून जागतिक विक्रम केला. तो विक्रम पुढे चौदा वर्षे अबाधित राहिला. १९४३ च्या मार्चमध्ये मात्र त्याची रवानगी उत्तर आफ्रिकेच्या रणभूमीवर झाली आणि एप्रिलमध्ये तो इंग्रजांच्या हाती कैदी म्हणून सापडला. खेळाडूच्या आयुष्यातील ऐन उमेदीची वर्षे त्याला तारांच्या कुंपणात काढावी लागली. १९४५ साली सुटका झाल्यावर इटलीच्या दक्षिण भागातून तो घराकडे निघाला. रेल्वे उद्ध्वस्त झाल्या होत्या, पूल कोसळले होते. काही वाट सायकलीवरून आणि काही वाट मिळेल त्या वाहनातून आक्रमून तो आपल्या टेकडीवर परतला.

युद्धाने इटलीची फार हानी झाली होती. लोकांच्या मुखात हसू उरले नव्हते. अशा वेळी १९ मार्च १९४६ रोजी मिलानहून समुद्रकाठच्या सान रेमो गावापर्यंत सुमारे २९० किलोमीटरांची शर्यत झाली. फाउस्तोने प्रारंभीच आघाडी घेतली. तूरकीनो खिंडीच्या चढावर त्याच्या सोबतचे उरलेले स्वारही मागे पडले. खिंड ओलांडून तो समुद्राकडे उतरला, तो एकटाच. सान रेमोला तो पोहोचला, त्यानंतर दुसरा स्वार दिसण्यास १४ मिनिटे लागली. पडझड झालेल्या रस्त्यांवरून एक किरकोळ अंगाचा तरुण वाऱ्यासारखा धावतो आहे, हे पाहून लोकांना वाटले की आपला देशही पुन्हा उभा राहील.

यानंतर कोप्पी आणि बार्ताली हे दोघे दोन संघांचे नायक झाले. साऱ्या इटलीत जणू दोन तट पडले. कोणी बार्तालीचा पक्षपाती, तर कोणी कोप्पीचा. घरोघरी, उपाहारगृहांत आणि बाजारांत यावर वादविवाद रंगत. बार्ताली काटक व बोलका होता आणि त्याच्या मागे जुनी कीर्ती होती. कोप्पी लाजाळू व मितभाषी होता. जमिनीवर चालताना तो काहीसा बेढब दिसे. परंतु सायकलीवर बसला की त्याचे लांब पाय घड्याळाच्या यंत्रासारखे नियमित फिरू लागत. चढावर इतर स्वार डावीउजवीकडे झुलत, धापा टाकत. कोप्पी मात्र शांतपणे बसून वर जाताना दिसे.

या दोघांची सर्वांत गाजलेली झुंज १० जून १९४९ रोजी जिरोमध्ये झाली. कुनेओ गावापासून पिनेरोलो गावापर्यंत २५४ किलोमीटरांचा तो टप्पा होता. सरळ वाटेने ही गावे एकमेकांपासून दूर नाहीत. परंतु शर्यतीचा मार्ग आल्प्स ओलांडून फ्रान्समध्ये जाणारा आणि पुन्हा आल्प्स ओलांडून इटलीत येणारा होता. मार्गात पाच खिंडी होत्या : मादालेना, वार, इझोआर, मोंझनेव्र आणि सेस्त्रिएरे. त्यांपैकी सर्वांत उंच इझोआर समुद्रसपाटीपासून २,३६० मीटर उंचीवर आहे. रस्ते बहुतांशी कच्चे होते आणि पावसाने त्यांचा चिखल झाला होता.

पहिल्याच खिंडीच्या चढावर एका स्वाराने मुसंडी मारली. कोप्पी त्याच्या मागे गेला, त्याला गाठले आणि लवकरच त्यालाही मागे टाकून पुढे झाला. पिनेरोलो अद्याप १९२ किलोमीटर दूर होते. इतक्या लवकर एकट्याने पुढे जाणे हे मोठे धाडस होते. कारण आता वारा अडविण्यास कोणी साहाय्यक नव्हता आणि मागे बार्ताली होता. पण कोप्पी थांबला नाही. एक खिंड झाली, दुसरी झाली. इझोआरच्या माथ्याजवळ झाडझुडूप नसलेला, दगडगोट्यांचा ओसाड उतार आहे. त्यातून उभे राहिलेले खडकांचे सुळके पाहून जिवाचा थरकाप होतो. तेथूनही तो एकटाच गेला. चाके निकामी होत असतानाही बार्तालीने जिद्दीने पाठलाग केला. परंतु प्रत्येक खिंडीगणिक दोघांमधील अंतर वाढतच गेले. नऊ तासांहून अधिक काळ सायकल चालवून कोप्पी पिनेरोलोस पोहोचला. बार्ताली दुसरा आला, तो ११ मिनिटे ५२ सेकंदांनंतर. पुढे ती जिरो कोप्पीनेच जिंकली. दीनो बुझ्झाती या नामवंत लेखकाने वृत्तपत्रासाठी या शर्यतीची हकीकत लिहिली आणि या दोघांची तुलना ग्रीक महाकाव्यातील अकिलीस व हेक्टर या वीरांशी केली.

त्याच वर्षी टूरमध्ये मात्र हे दोन प्रतिस्पर्धी इटलीच्या एकाच संघात होते. प्रारंभीच्या एका टप्प्यात कोप्पी पडला व त्याची सायकल मोडली. त्याची दुसरी सायकल ज्या मोटारीवर होती, ती जवळपास नव्हती. तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला. एकूण वेळेत तो आघाडीच्या स्वाराहून अर्ध्या तासापेक्षा अधिक मागे पडला. त्याचे मन इतके खचले की शर्यत सोडून घरी जावे, असे त्याने ठरविले. डोंगरांना न डगमगणारा हा वीर निराशेपुढे मात्र चटकन हार खात असे. संघाचा व्यवस्थापक आल्फ्रेदो बिंदा हा स्वतः जुना विजेता होता. त्याने आणि संघातील सोबत्यांनी कोप्पीची समजूत घातली आणि तो पुन्हा सायकलीवर चढला. पुढे आल्प्समध्ये कोप्पी व बार्ताली दोघेच आघाडीवर गेले. १८ जुलै या दिवशी त्यांनी इझोआर खिंड एकत्र ओलांडली. तो बार्तालीचा पस्तिसावा वाढदिवस होता. कोप्पीने त्या दिवशीचा विजय बार्तालीला घेऊ दिला. दुसऱ्या दिवशी बार्तालीच्या चाकाची हवा गेली आणि तो पडला. कोप्पी त्याच्यासाठी थांबला. व्यवस्थापकाने पुढे जाण्यास सांगितले, तेव्हाच तो निघाला. पॅरिसमध्ये कोप्पी पहिला व बार्ताली दुसरा आला. जिरो आणि टूर या दोन्ही परिक्रमा एकाच वर्षी जिंकणारा कोप्पी हा जगातील पहिला सायकलपटू ठरला.

यशाच्या शिखरावर असतानाच त्याच्यावर दुःखाचा आघात झाला. धाकटा भाऊ सेर्से हाही सायकलपटू होता. फाउस्तो जितका अबोल, तितका सेर्से आनंदी. तो भावाच्याच संघात राहून त्याला साहाय्य करी आणि त्याची उदासीनता हास्यविनोदाने घालवी. २९ जून १९५१ रोजी तुरीन शहरात एका शर्यतीच्या अखेरीस सेर्सेचे चाक ट्रामच्या रुळात अडकले आणि तो डोक्यावर पडला. तो उठला, सायकलीवर बसला आणि शर्यतही त्याने पुरी केली. दुखापत किरकोळ आहे, असेच सर्वांना वाटले. परंतु त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. काही तासांतच त्याने प्राण सोडला. त्या वेळी फाउस्तो त्याच्याजवळ होता. भावाच्या जाण्याने तो खचून गेला आणि सायकल कायमची सोडून द्यावी, असे त्याच्या मनात येऊ लागले.

अवघ्या काही दिवसांनी तो टूरमध्ये उतरला. पण शरीर आणि मन दोन्ही थकलेली होती. एका उष्ण दिवशी माँपेल्येच्या वाटेवर त्याला इतकी ग्लानी आली की तो जवळजवळ थांबलाच. ठरलेल्या मुदतीत न पोहोचणाऱ्यास शर्यतीतून काढून टाकतात. त्याचे साहाय्यक स्वतःचे नुकसान सोसून त्याच्याबरोबर राहिले आणि त्यांनी त्याला सांभाळून मुक्कामी आणले. तो दिवस त्याने अर्ध्या तासाहून अधिक वेळाने गमावला. परंतु शर्यत सोडली नाही. काही दिवसांनी इझोआरवरून जाणाऱ्या टप्प्यात तोच पहिला आला. त्या वर्षी त्याचा क्रमांक दहावा लागला. त्याच्या विजयांच्या यादीत या दहाव्या क्रमांकाला स्थान नाही. परंतु दुःखातून पुन्हा उभे राहण्याचे बळ त्याने त्याच वाटेवर मिळविले.

पुढील वर्षी, १९५२ साली, त्याने पुन्हा जिरो आणि टूर दोन्ही जिंकल्या. या टूरमधील एक प्रसंग मोठा हृद्य आहे. कोप्पीचा एक निष्ठावंत साहाय्यक होता आंद्रेआ कार्रेआ. एका टप्प्यात प्रतिस्पर्ध्यांवर लक्ष ठेवण्यासाठी तो पुढच्या तुकडीबरोबर गेला आणि मुक्कामी पोहोचल्यावर त्याला कळले की एकूण वेळेत आपणच पहिले झालो आहो. पिवळा सदरा घालण्यासाठी त्याला बोलावण्यात आले. दुसरा एखादा हर्षाने नाचला असता. कार्रेआला मात्र रडू कोसळले. हा मान आपल्या नायकाचा असून आपण तो हिरावून घेतला, असे त्याला वाटले. कोप्पी आला आणि त्याने मनापासून कार्रेआचे अभिनंदन केले. दुसऱ्याच दिवशी आल्प द्युएझ या पर्वतावरील मुक्कामाकडे जाणाऱ्या २१ वळणांच्या चढावर कोप्पीने सर्वांना मागे टाकले आणि पिवळा सदरा स्वतः मिळविला. अखेर त्याची आघाडी इतकी मोठी झाली की पहिल्या क्रमांकाची चुरस उरली नाही. इतर स्वारांचा उत्साह टिकावा म्हणून चालकांना दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीस दुप्पट करावे लागले!

याच शर्यतीतील एक छायाचित्र इटलीत घरोघरी परिचित आहे. चढावर कोप्पी आणि बार्ताली पुढेमागे आहेत आणि पाण्याची एक बाटली एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हाती जात आहे. पाणी कोणी कोणाला दिले, यावर पुढे कित्येक वर्षे वाद झाले. परंतु तहान लागली असता दोघांनी एकच बाटली वाटून घेतली, ही गोष्ट या वादापेक्षा मोठी आहे.

१९५३ साली कोप्पी तेहतीस वर्षांचा होता. त्या वर्षी जिरो प्रथमच स्टेल्व्हिओ खिंडीतून जाणार होती. ही खिंड २,७५८ मीटर उंच असून तिच्या एका बाजूच्या रस्त्याला ४८ तीव्र वळणे आहेत. ह्यूगो कोब्लेट हा तरुण स्विस स्वार गुलाबी सदरा घालून पुढे होता आणि तोच जिंकणार, असे बहुतेकांचे मत झाले होते. १ जून रोजी, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती उभ्या असताना, कोप्पीने चढावर वेग वाढविला. कोब्लेट मागे पडला. माथ्यावर कोप्पी प्रथम पोहोचला आणि पलीकडच्या निसरड्या उतारावरूनही तो सर्वांच्या पुढे राहिला. ती त्याची पाचवी जिरो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे तो जगज्जेताही झाला.

यानंतर वय वाढले, हाडे मोडली, विजय दुर्मिळ झाले; तरी तो सायकल चालवीतच राहिला. १९६० साली बार्तालीच्या व्यवस्थापनाखालील संघातून शर्यतीत उतरण्याचे त्याने ठरविले होते. ज्यांच्या नावाने देशात दोन तट पडले होते, ते दोघे पुन्हा एका संघात येणार होते. पण तसे व्हावयाचे नव्हते.

१९५९ च्या डिसेंबरमध्ये कोप्पी काही फ्रेंच सायकलपटूंबरोबर पश्चिम आफ्रिकेतील अपर व्होल्टा या देशी गेला. या देशाला आज बुर्किना फासो म्हणतात. तेथे एक शर्यत झाली, नंतर काही दिवस शिकारीत गेले. रात्री डासांचा सुळसुळाट असे. घरी परतल्यानंतर कोप्पीला आणि त्याच्या खोलीत राहिलेला फ्रेंच सायकलपटू राफाएल जेमिनियानी यालाही तीव्र ताप भरला. फ्रान्समध्ये जेमिनियानीच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा हा हिवताप असल्याचे निश्चित झाले. त्याला कोयनेल देण्यात आले आणि तो मृत्यूच्या दारातून परत आला. इटलीत मात्र कोप्पीच्या तापाचे खरे कारण वेळेवर ओळखले गेले नाही. थंडीच्या दिवसांत येणारा तो एक ताप असावा, अशा समजुतीने उपचार होत राहिले. २ जानेवारी १९६० रोजी सकाळी तोर्तोनाच्या रुग्णालयात, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. आल्प्सच्या पाच खिंडी एका दिवसात ओलांडणाऱ्या वीराचा एका डासाच्या दंशाने बळी घेतला. आणि ज्या रोगाने तो गेला, त्यावर औषध उपलब्ध होते, ही गोष्ट आजही मनाला चटका लावते.

त्याच्या अंत्ययात्रेसाठी हजारो माणसे हिवाळ्याच्या थंडीत कास्तेल्लानियाची टेकडी चढून गेली. बार्तालीही त्यांत होता. आज त्या टेकडीवर फाउस्तो आणि सेर्से हे दोघे भाऊ शेजारी शेजारी चिरनिद्रा घेत आहेत. १९६५ सालापासून जिरोच्या मार्गातील सर्वांत उंच ठिकाणाला ‘चीमा कोप्पी’, म्हणजे कोप्पी शिखर, असे म्हणतात. इझोआरच्या ओसाड उतारावर त्याचे स्मारक आहे. २०१९ साली त्याच्या जन्माला शंभर वर्षे झाली, तेव्हा त्याच्या खेड्याचे नावच ‘कास्तेल्लानिया कोप्पी’ असे करण्यात आले.

घाटात एकटाच पुढे चाललेला सायकलस्वार, अशीच कोप्पीची मूर्ती लोकांच्या स्मरणात राहिली आहे. परंतु मुलांनो, तो खरोखरीच एकटा होता काय? त्याची पहिली चांगली सायकल चुलत्याच्या मदतीने आली होती. त्याच्या पायांतील बळ एका आंधळ्या गुरूच्या बोटांनी ओळखले होते. साहाय्यकांनी त्याच्यासाठी वारा अंगावर घेतला, भावाने त्याची उदासी घालविली, आणि प्रतिस्पर्ध्याने त्याला अधिकाधिक उंच चढावयास लावले. शेवटचा चढ ज्याचा त्यालाच चढावा लागतो, हे खरे. पण त्या चढाच्या पायथ्यापर्यंत माणसाला अनेकांचे हात पोहोचवीत असतात. उंच खिंडीतून एकटा जाणारा स्वार डोळ्यांपुढे आणताना त्या हातांचेही आपण स्मरण ठेवले पाहिजे.